उत्सर्ग आणि अपवाद : प्रा. श. शं. श्रीखंडे यांच्या गणितसंशोधनाचे स्वरूप

प्रा. शरच्चंद्र शंकर श्रीखंडे यांचे नाव मराठीत निघाले की त्यापाठोपाठ ऑयलरचे नाव निघते. अठराव्या शतकातील ह्या श्रेष्ठ गणितज्ञाचे एक अनुमान १७७ वर्षांनंतर ज्या तिघांनी असत्य ठरविले त्यांपैकी श्रीखंडे हे एक होत. २६ एप्रिल १९५९ च्या 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ती वार्ता पहिल्या पृष्ठावर छापली. आणि त्या दिवसापासून त्यांची गणना जगातील नामवंत गणितज्ञांत होऊ लागली. एवढ्या तीन वाक्यांत त्यांच्या संशोधनाची बोळवण करण्याची प्रथा पडली आहे. ही वाक्ये खोटी नाहीत; परंतु त्यांतून उभे राहणारे चित्र एका मल्लाने दुसऱ्यास चीत केल्याचे आहे, आणि संशोधनाचे चित्र म्हणून ते सदोष आहे. त्यात ऑयलर विनाकारण हास्यास्पद ठरतो, बोस आणि पार्कर हे दोन सहकारी मागे ढकलले जातात, आणि श्रीखंडे यांचे त्यापूर्वीचे व त्यानंतरचे कार्य तर अजिबात दृष्टीस पडत नाही. वस्तुतः त्या कार्याकडे एकत्रितपणे पाहिले तर त्यात एकच सूत्र आढळते. एखादा नियम सरसकट लागू होतो की काही ठिकाणी अडतो, आणि अडत असेल तर नेमका कोठे, हा प्रश्न ते आयुष्यभर निरनिराळ्या रूपांत सोडवीत होते. व्याकरणशास्त्राच्या अभ्यासकाला ह्या प्रश्नाचे जुने नाव परिचित आहे : उत्सर्ग आणि अपवाद.

श्रीखंडे यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१७ रोजी सागर येथे झाला. सागर व भंडारा हे दोन्ही जिल्हे त्या काळी मध्यप्रांतात मोडत, आणि दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांची पावले उच्च शिक्षणासाठी नागपूरकडे वळत. श्रीखंडे यांचे महाविद्यालयीन शिक्षणही नागपूरच्या सायन्स कॉलेजात झाले. त्यानंतर काही काळ ते कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये होते. पुढे अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात, चॅपेल हिल येथे, राजचंद्र बोस यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९५० मध्ये डॉक्टरेट मिळविली, व नागपूरला परतून अध्यापन केले. १९५८ च्या सुमारास ते पुन्हा चॅपेल हिलला गेले. १९६३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे पहिले प्रमुख झाले आणि १९७८ पर्यंत तेथे राहिले. चरित्राचा हा सांगाडा पुरेसा आहे. त्यातील एकच गोष्ट ध्यानात ठेवावयाची, ती म्हणजे त्यांचा गणिताकडे येण्याचा मार्ग संख्याशास्त्राच्या दारातून होता, आणि त्या काळी संख्याशास्त्राचे दार शेताच्या बांधावर उघडत असे.

हे विधान अलंकारिक नाही. भंडारा जिल्ह्यातील धानाच्या बांध्या ज्याने पाहिल्या असतील त्याला त्याचा अर्थ तत्काळ कळेल. तलावाचे वा बोडीचे पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरते. त्याबरोबर गाळही उतरतो. त्यामुळे एकाच शेतकऱ्याच्या, एकाच दिवशी रोवणी झालेल्या दोन बांध्यांचे उत्पन्न सारखे नसते. आता साकोलीसारख्या संशोधन केंद्रावर धानाच्या चार वाणांची तुलना करावयाची आहे असे समजा. एक वाण वरच्या अंगाला व दुसरा खालच्या अंगाला लावला, तर शेवटी जो फरक मिळेल तो वाणाचा की जमिनीचा, हे कसे सांगणार? उताराच्या दिशेने सुपीकता बदलते, आणि पाटापासून दूर जाताना आडव्या दिशेनेही बदलते. म्हणून शेताचे चार ओळी व चार स्तंभ अशा सोळा वाफ्यांत विभाजन करावयाचे, आणि प्रत्येक वाण प्रत्येक ओळीत एकदा व प्रत्येक स्तंभात एकदा येईल अशी मांडणी करावयाची. ह्या मांडणीस लॅटिन चौरस म्हणतात. दोन्ही दिशांचा पक्षपात त्यामुळे सर्व वाणांवर सारखाच पडतो व तुलनेतून वजा होतो. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील शेतीप्रयोगांच्या अनुभवातून रोनाल्ड फिशर यांनी १९२० नंतरच्या काळात ह्या युक्तीला शास्त्राचे रूप दिले, आणि भारतात पानसे व सुखात्मे ह्या दोघा महाराष्ट्रीय संख्याशास्त्रज्ञांच्या १९५४ च्या ग्रंथातून ती शेतकी संशोधकांच्या हाती पोचली.

फिशर यांच्या पद्धतीचे दुसरे अंग संभाव्यतेचे आहे. शक्य असलेल्या अनेक चौरसांपैकी कोणता वापरावयाचा हे प्रयोगकर्त्याने मनाने ठरवावयाचे नाही. चिठ्ठ्या टाकून ठरवावयाचे. मग जो फरक उरतो तो निव्वळ योगायोगाने पडला असण्याची संभाव्यता किती, हे मोजता येते. येथे एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. श्रीखंडे यांचे अनेक महत्त्वाचे निबंध 'अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स' ह्या संख्याशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. परंतु त्या निबंधांत योगायोगाला जागा नाही. चिठ्ठी टाकण्यापूर्वी चिठ्ठीवर लिहिण्याजोगी मांडणी मुळात अस्तित्वात आहे काय, एवढाच त्यांचा प्रश्न असतो. संभाव्यतेचे बोट धरून आलेल्या ह्या गणितज्ञाने उंबरठ्यावर ते बोट सोडले आणि शुद्ध मांडणीच्या गणितात, म्हणजे ज्याला परिभाषेत समचयात्मक विश्लेषण म्हणतात त्या क्षेत्रात, प्रवेश केला. संख्याशास्त्रज्ञ त्यांना आपला मानीत, गणितज्ञही आपला मानीत. आणि दोन्ही पक्षांचे म्हणणे अर्धे खरे होते.

त्यांचे पहिले महत्त्वाचे कार्य १९५० चे आहे. त्यासाठी पुन्हा बांधीकडे जावे लागते. वाण चारच न राहता २२ झाले, तर एका बांधीत ते सर्व मावत नाहीत. बांधी मोठी केली तर तिच्या आतच सुपीकता बदलू लागते. म्हणून प्रत्येक बांधीत फक्त सात वाण लावावयाचे. मात्र न्याय असा पाळावयाचा की कोणतेही दोन वाण एकत्र येण्याचे प्रसंग सारखेच असावेत, म्हणजे प्रत्येक जोडीची तुलना सारख्याच अचूकतेने होईल. २२ वाण, २२ बांध्या, प्रत्येक बांधीत सात वाण, प्रत्येक वाण सात बांध्यांत, आणि कोणतीही जोडी नेमकी दोन बांध्यांत एकत्र. अशी योजना होईल काय? साधा हिशेब करून पाहावा. एका वाणाला सात बांध्यांत प्रत्येकी सहा सोबती, म्हणजे एकूण ४२ सोबती. उरलेले वाण २१, प्रत्येकाची गाठ दोनदा, म्हणजे तेही ४२. हिशेब बरोबर जुळतो. व्यवहारी मनुष्य येथे थांबेल आणि कागद घेऊन मांडणी करू लागेल. ती मांडणी कधीही होणार नाही.

का होणार नाही, याचे उत्तर आश्चर्यकारकरीत्या छोटे आहे. बांध्या आणि वाण यांचा २२ गुणिले २२ असा तक्ता करावा. वाण बांधीत असेल तेथे एक, नसेल तेथे शून्य. ह्या तक्त्याच्या निर्धारकाचा वर्ग, मांडणीच्या अटींवरून, ४९ गुणिले पाचाचा एकविसावा घात इतका निघतो. ४९ हा वर्ग आहे. पण पाचाचा एकविसावा घात वर्ग नाही, कारण घातांक विषम आहे. पूर्णांकाचा वर्ग जो असावयास हवा तो वर्ग नाही, म्हणून तक्ताच नाही. सर्वसाधारण रूपात सांगावयाचे तर, वाणांची संख्या सम असेल तेव्हा बांधीतील वाणांच्या संख्येतून जोडीच्या भेटींची संख्या वजा केली असता पूर्ण वर्ग उरलाच पाहिजे. फ्रान्समध्ये श्युत्झेनबर्जे यांनी १९४९ मध्ये व श्रीखंडे यांनी १९५० मध्ये हा निष्कर्ष स्वतंत्रपणे मांडला. वाणांची संख्या विषम असताना काय होते याचा अधिक अवघड विचार त्याच सुमारास ब्रक, रायझर व चावला यांनी केला. १९५३ मध्ये श्रीखंडे यांनी आणखी एका प्रकारच्या मांडण्यांची अशक्यता सिद्ध केली.

'नाही' हे विधान सिद्ध करणे म्हणजे काय, याची कल्पना भाषेच्या अभ्यासकाला सहसा नसते. एखादे रूप बोलीत आढळले नाही, एवढ्यावरून ते बोलीत नाही असे म्हणण्याची सवय आपल्या शाखेत पुष्कळ आहे. शोधून न सापडणे आणि असूच न शकणे यांमधील अंतर ह्या छोट्याशा निबंधात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल. अंकांचा हिशेब जुळत असतानाही रचना असू शकत नाही. कारण हिशेब ही रचनेची आवश्यक अट आहे, पुरेशी नव्हे.

याच्या उलट बाजूचा प्रश्न त्यांनी १९५९ च्या दुसऱ्या एका निबंधात हाताळला, आणि त्यांच्या सर्व लेखनात तो निबंध सर्वांत सुंदर आहे असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा. सोळा वाफ्यांचा तोच चार गुणिले चार चौरस घ्यावा. एकाच ओळीतील किंवा एकाच स्तंभातील वाफ्यांना शेजारी म्हणावे. प्रत्येक वाफ्याला मग सहा शेजारी मिळतात, तीन ओळीतले व तीन स्तंभातले. कोणतेही दोन वाफे घ्या, ते परस्परांचे शेजारी असोत वा नसोत, त्यांना समाईक शेजारी नेमके दोन असतात. आता ओळी आणि स्तंभ पुसून टाकावे व केवळ हे आकडे हाती ठेवावे : सोळा बिंदू, प्रत्येकी सहा शेजारी, दोघांचे समाईक शेजारी दोन. ह्या आकड्यांवरून मूळ चौरस परत मिळविता येईल काय? श्रीखंडे यांनी दाखविले की चौरस तीनाचा असो, पाचाचा असो, पन्नासाचा असो, त्या त्या चौरसाच्या आकड्यांवरून तोच चौरस मिळतो, दुसरे काहीही मिळत नाही. अपवाद एकच, चाराचा. तेथे हेच सर्व आकडे तंतोतंत पाळणारी, पण चौरस नसलेली अशी आणखी एक रचना आहे. सोळा बिंदू व ४८ जोडरेषा असलेल्या ह्या रचनेला जगभर 'श्रीखंडे आलेख' म्हणतात. ऑयलरचे अनुमान कोणी मोडले हे ज्यांना आठवत नाही अशा अभ्यासकांच्या तोंडीही हे नाव असते.

दोन रचनांतील भेद पाहण्यासारखा आहे. चौरसात एका वाफ्याच्या सहा शेजाऱ्यांकडे पाहिले तर ते तिघातिघांच्या दोन टोळ्यांत विभागलेले दिसतात. ओळीतले तिघे परस्परांचे शेजारी, स्तंभातले तिघे परस्परांचे शेजारी, आणि एका टोळीतल्याचा दुसऱ्या टोळीशी संबंध नाही. श्रीखंडे आलेखात तेच सहा शेजारी एका वर्तुळात हात धरून उभे असतात. प्रत्येकाचा डाव्या व उजव्या हाताच्या दोघांशीच संबंध. दोन्ही ठिकाणी प्रत्येकाला दोन सोबती आहेत. मोजणी सर्वस्वी सारखी आहे. घडण सर्वस्वी वेगळी आहे.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली ह्या झाडीपट्टीच्या बोलीवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याने हे उदाहरण आपल्या टाचणांच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. 'पाणी'च्या जागी 'पानी' किती वेळा आले, याची वारंवारता दोन गावांत सारखी निघाली म्हणजे दोन्ही गावांची ध्वनिव्यवस्था एक असे ठरत नाही. एका गावात 'ण' हा वर्णच नसून शिकलेल्या वक्त्यांच्या तोंडी तो उसना येत असेल. दुसऱ्यात तो असून काही परिसरांत लोपत असेल. आकडा एक, व्यवस्था दोन. तथापि ह्या उपमेचा अतिरेक करू नये. श्रीखंडे यांच्या निबंधाचा मुख्य सिद्धांत असा आहे की चार सोडून सर्वत्र आकड्यांवरून रचना निश्चितपणे ओळखता येते. आकडे निरुपयोगी आहेत असा धडा जो त्यातून काढील त्याने अपवाद वाचला, उत्सर्ग वाचला नाही.

आता ऑयलर. १७७९ मध्ये वाचलेल्या व १७८२ मध्ये छापलेल्या प्रबंधात त्याने सहा पलटणींतील सहा हुद्द्यांच्या ३६ अधिकाऱ्यांचे कोडे घातले. प्रत्येक ओळीत व प्रत्येक स्तंभात प्रत्येक पलटणीचा एक व प्रत्येक हुद्द्याचा एक अधिकारी यावा असे त्यांना उभे करता येईल काय? म्हणजे दोन लॅटिन चौरस, एक पलटणींचा व एक हुद्द्यांचा, परस्परांवर असे ठेवावयाचे की प्रत्येक जोडी नेमकी एकदा मिळावी. अशा चौरसांना परस्परलंब म्हणण्याचा प्रघात आहे. हा शब्द भूमितीतून उसना आणलेला आहे आणि येथे काहीच काटकोनात उभे नसते, परंतु परिभाषेत अशा उसनवाऱ्या चालावयाच्याच. विषम संख्यांसाठी आणि चाराच्या पटींसाठी अशा जोड्या कशा करावयाच्या हे ऑयलरला ठाऊक होते. दोनासाठी त्या नाहीत हे उघड आहे. सहासाठी त्याला त्या सापडल्या नाहीत. म्हणून ज्या संख्येस चाराने भागिले असता दोन उरतात त्या सर्व संख्यांसाठी, म्हणजे दोन, सहा, दहा, चौदा अशा अनंत मालिकेसाठी, त्या नसाव्यात असे मत त्याने नोंदविले. सिद्धता दिल्याचा दावा त्याने केला नाही, हे येथे आवर्जून सांगावयास हवे. १९०० च्या सुमारास गॅस्टन टॅरी यांनी सहाच्या सर्व शक्यता तपासून ऑयलरचे सहापुरते म्हणणे खरे ठरविले.

ऑयलरची चूक बुद्धीची नव्हती; ती उदाहरणांच्या संख्येची होती. दोन व सहा ह्या दोनच प्रकरणांवरून त्याने उत्सर्ग रचला. त्याच्या बाजूने एवढे म्हणता येईल की दहाचे प्रकरण हाताने तपासणे त्याला अशक्य होते. विसाव्या शतकाच्या मध्यास संगणकानेही ते उलगडले नव्हते. नागेशभट्टाच्या 'परिभाषेन्दुशेखरा'त उत्सर्ग व अपवाद यांच्या प्रवृत्तीचा जो क्रम चर्चिला आहे, त्यात अपवादाचे क्षेत्र आधी ओळखावे व नंतर उत्सर्ग लावावा असा एक पक्ष आहे. ऑयलरचे झाले ते याच्या नेमके उलट. दोन आणि सहा हे अपवाद होते, आणि त्याने त्यांनाच उत्सर्ग समजून घेतले.

हा उलगडा होण्याचा क्रम मराठी लेखनात बहुधा चुकीचा दिला जातो, म्हणून तो येथे देणे अगत्याचे आहे. पहिली ठिणगी अर्नेस्ट पार्कर यांची. ऑयलरच्या अनुमानास व्यापक रूप देणारे मॅक्नीश यांचे १९२२ चे एक अनुमान होते. पार्कर यांनी २१ ह्या क्रमाच्या चौरसांच्या आधारे ते कोसळविले. त्यामुळे बोस व श्रीखंडे यांचे लक्ष त्या मार्गाकडे वेधले, आणि त्यांनी २२ ह्या क्रमाची जोडी उभी केली. ऑयलरच्या मालिकेतील हे पहिले खंडन होय. त्यानंतर पार्कर यांनी दहाची जोडी दिली. शेवटी १९६० मध्ये 'कॅनेडियन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स'मधील तिघांच्या संयुक्त निबंधात दोन व सहा वगळता मालिकेतील प्रत्येक संख्येसाठी जोडी आहे हे सिद्ध झाले. पार्कर हे संगणक बनविणाऱ्या रेमिंग्टन रँड कंपनीत काम करीत. त्यावरून हे कार्य यंत्राने झाले असा समज पसरला, तो निराधार आहे.

२२ ची जोडी बोस-श्रीखंडे यांच्या मार्गाने कशी मिळते ते पाहिले म्हणजे बांधीतील वाणांच्या मांडणीशी ह्या पराक्रमाचा संबंध कळतो. थॉमस कर्कमन ह्या इंग्लिश धर्मोपदेशकाने १८५० मध्ये एक कोडे प्रसिद्ध केले होते. पंधरा विद्यार्थिनी सात दिवस फिरावयास जातात, रोज तिघीतिघींच्या पाच रांगा करून. कोणत्याही दोघी सात दिवसांत नेमक्या एकदाच एका रांगेत याव्यात. हे शक्य आहे व त्याच्या रीती माहीत आहेत. आता सात वारांनाही सात व्यक्ती मानावे, आणि सोमवारच्या पाचही रांगांत सोमवाराला, मंगळवारच्या पाचही रांगांत मंगळवाराला, याप्रमाणे एकेका वाराला चौथा म्हणून उभे करावे. तिघींच्या ३५ रांगा चौघांच्या झाल्या. सात वारांचा एक स्वतंत्र गट करावा. एकूण व्यक्ती पंधरा अधिक सात, म्हणजे २२. आणि कोणत्याही दोघांची गाठ नेमक्या एका गटात पडते. गट आता चाराचे व एक साताचा. चाराचे तीन परस्परलंब चौरस असतात, साताचे सहा असतात. प्रत्येक गटावर ते चौरस बसवावे; कर्णावर सर्व गटांचा मेळ बसण्यासाठी प्रत्येक ठिकाणी एक चौरस खर्ची पडतो. चाराच्या गटात तीनातून एक गेला, दोन उरले; तेवढेच पाहिजे होते. २२ चे दोन परस्परलंब चौरस तयार झाले.

ह्या युक्तीत चमत्कार कोणता? ऑयलरने मोठ्या चौरसांकडे गुणाकाराच्या दृष्टीने पाहिले. संख्या ज्या अवयवांची बनली आहे त्या अवयवांच्या चौरसांतून मोठा चौरस; आणि २२ ला दोनाने भाग जातो, दोनाची जोडी नाही, म्हणून वाट बंद. बोस आणि श्रीखंडे यांनी २२ चे अवयव पाडलेच नाहीत. त्यांनी २२ व्यक्तींना एकमेकांत गुंतलेल्या गटांत बसविले, जसे २२ वाण बांध्यांत बसवितात. शेतीप्रयोगांसाठी वीस वर्षे घासूनपुसून तयार झालेले साधन त्यांनी अठराव्या शतकाच्या कोड्यावर चालविले. संख्याशास्त्राच्या बाहेर असलेल्या गणितज्ञाला ते सुचणे कठीण होते, आणि म्हणूनच श्रीखंडे यांचे १९५० ते १९५८ मधील कार्य हे ऑयलर प्रकरणाची प्रस्तावना नसून त्याचे कारण आहे. (२२ हा आकडा त्यांच्या वाट्याला दोनदा यावा, एकदा 'नाही' सिद्ध करताना व एकदा 'आहे' सिद्ध करताना, हा मात्र निव्वळ योग.) त्या तिघांतील कोणाचा वाटा किती, हा हिशेब मात्र करू नये. बोस यांनी गुरू म्हणून तयार केलेली पद्धती, पार्कर यांचे धाडस आणि श्रीखंडे यांचे बांधणीचे कसब ही तीन सुते वेगळी काढली तर वस्त्र उरत नाही. जे लेखक अभिमानाने एकच सूत ओढून दाखवितात त्यांनी श्रीखंडे यांचा गौरव केला असे वाटत नाही.

मुंबईच्या काळातील कार्य लोकांस सर्वांत कमी माहीत आहे, आणि उत्सर्ग-अपवादाचा विचार तेथेच परिपक्व झालेला दिसतो. एका सममित मांडणीतून एक बांधी व तिच्यातील सर्व वाण काढून टाकले तर उरलेली मांडणी अवशिष्ट होय. उदाहरणार्थ, २५ वाण, २५ बांध्या, बांधीत नऊ वाण, जोडीची भेट तीनदा. त्यातून एक बांधी काढली तर १६ वाण, २४ बांध्या, बांधीत सहा वाण उरतात. आता कोणी १६ वाण व २४ बांध्यांची अशीच मांडणी पुढे ठेवली, तर ती एखाद्या मोठ्या मांडणीची अवशेष आहे असे म्हणता येईल काय? जोडीची भेट एकदा वा दोनदा असेल तर म्हणता येते. दोनदाचे प्रकरण हॉल व कॉनर यांनी सिद्ध केले. परंतु तीनदाच्या बाबतीत के. एन. भट्टाचार्य यांनी १९४४ मध्येच १६ वाणांची अशी मांडणी दिली होती की जिच्यात दोन बांध्यांत चार वाण समाईक आहेत. मोठ्या मांडणीत कोणत्याही दोन बांध्यांत तीनच समाईक असावयाचे, म्हणून ती कोणाचाही अवशेष असू शकत नाही. अपवाद समोर उभा होता. उत्सर्ग सोडून द्यावयाचा काय? बोस, श्रीखंडे व त्यांचे शिष्य सिंघी यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखविले की भेटींची संख्या काहीही असो, बांधीचा आकार तिच्या मानाने पुरेसा मोठा असला की उत्सर्ग पुन्हा लागू होतो. भट्टाचार्यांसारखे अपवाद लहान आकड्यांच्या पट्ट्यातच संभवतात.

दोन व सहा, चार, आणि आता हा पट्टा. तिन्ही ठिकाणी नियम लहान आकड्यांपाशी लटपटतो व मोठ्यांपाशी स्थिरावतो. तरीही ह्या कार्याची मर्यादा सांगितली पाहिजे. १९७६ च्या सिद्धांतातील 'पुरेसा मोठा' ही सीमा खरोखरच फार मोठी आहे. तिच्या अलीकडे विस्तीर्ण प्रदेश पडलेला आहे, ज्यात अपवाद आहेत की नाहीत हे सिद्धांत सांगत नाही. ह्या निबंधांची लेखनशैलीही विद्यार्थ्याला साह्य करीत नाही. सिद्धता पायरीपायरीने निर्दोष असते, परंतु ती पायरी कशी सुचली हे श्रीखंडे सांगत नाहीत. शेत नांगरून, रोवून, कापून झाल्यावर केवळ रास दाखवावी तसे ते आहे. मुंबईत शिकलेल्यांना ही उणीव वर्गात भरून मिळाली असेल. नागपूरच्या कक्षेतील महाविद्यालयांत केवळ छापील निबंध हाती येणाऱ्या विद्यार्थ्याला ती भासते. विभागांतून सिंघी यांच्यासारखे संशोधक निघाले आणि मांडणीच्या गणिताची मुंबईत एक परंपरा निर्माण झाली, ही गोष्ट निबंधांइतकीच त्यांच्या नावावर जमा केली पाहिजे. त्यांचे चिरंजीव मोहन श्रीखंडे व शरद साने यांचा १९९१ चा अर्धसममित मांडण्यांवरील ग्रंथ याच परंपरेतला.

ज्या क्रमापासून पहिल्या पृष्ठावरची वार्ता झाली त्या दहाविषयी अजूनही फार थोडे ठाऊक आहे. दहाचे दोन परस्परलंब चौरस आहेत हे पार्कर यांनी दाखविले. नऊ असू शकत नाहीत, हे दहाच्या क्रमाचे प्रक्षेपीय प्रतल नसल्याच्या शोधामुळे कळले. तो शोध क्लेमंट लॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रदीर्घ यंत्रगणना करून १९८९ मध्ये पुरा केला. तीन आहेत काय, हा प्रश्न २१ एप्रिल २०२० रोजी श्रीखंडे विजयवाडा येथे वयाच्या १०२ व्या वर्षी निवर्तले तेव्हा अनिर्णित होता, व अद्यापही तो तसाच आहे.